टोंगाला निघताय? आधी रविवार पाहा!

मैत्रिणींनो, पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवर जायचं ठरलं, की साड्या काढण्याआधी कॅलेंडर काढा. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस; मे ते ऑक्टोबर हवा कोरडी. देवमासे पाहायचेत? ऑगस्ट-सप्टेंबर गाठा.

मग रविवार मोजा. १८७५च्या राज्यघटनेनं तिथे हा दिवस पवित्र ठरवलाय. बहुतेक दुकानं बंद, विमानंसुद्धा नाहीत! शिवाय टोंगाचं घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास. तिथला रविवार आपल्या शनिवारी दुपारी साडेचारलाच लागतो. तिकीट काढताना हे विसरू नका. मुलांसाठी पाव, दूध, फळं आदल्या दिवशीच भरून ठेवा.

खांदे-गुडघे झाकणारे कपडे घ्या. आणि ‘ह्यां’नाही बजावा, कितीही उकडलं तरी उघड्या अंगानं रस्त्यावर फिरणं तिथे गुन्हा आहे हं!