विजेची तिसरी तार

घरात विजेच्या दोन तारा येतात. एकीने वीज येते, दुसरीने परत जाते. मग तिसरी, हिरवी तार कशाला? ती घराची राखणदार. मोटारीच्या पत्र्यात वीज उतरली, तर ही तार ती जमिनीत नेते. फ्यूज उडतो, माणूस वाचतो.

काही ठिकाणी ही तार वीज कंपनीच देते. नसेल तिथे घराशेजारी खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून लोखंडी नळी पुरतात.

पण आपल्या वरंधला खाली कातळ. उन्हाळ्यात जमीन सुकते. सुकी जमीन वीज नीट घेत नाही. फ्यूज उडत नाही आणि पत्रा जीवघेणा होतो. म्हणून आम्ही सांगतो, खड्ड्यात पाणी घालत जा. शिवाय वायरमनकडून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. जराशी वीज गळली, की तो लगेच वीज तोडतो.