शनीच्या चंद्रावर दडलेला समुद्र

शनिवार उजाडला की आमच्याच वस्तीतल्या काही घरांतून आजही तेलाची वाटी बाहेर पडते. भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर असते, तरी सोयरीक जुळवताना साडेसातीची हळूच चौकशी होते. ज्या शनीला आपण भितो तो आहे तरी कसा, ते या वेळी पाहू या.

शनी हा वायूचा प्रचंड गोळा. त्याला पुष्कळ चंद्र आहेत. त्यांतला एक एन्सेलॅडस. १७८९ साली विल्यम हर्शेल यांनी तो दुर्बिणीतून शोधला. व्यास अवघा ५०० किलोमीटर. अंगावर बर्फाचे कवच आणि थंडी शून्याखाली सुमारे २०० अंश. असा गोळा आतपर्यंत गोठलेलाच असणार, असे कोणीही म्हणेल.

पण १९९७ साली निघालेले कॅसिनी यान २००४ साली शनीपाशी पोहोचले आणि २००५ साली नवल दिसले. एन्सेलॅडसच्या दक्षिण ध्रुवावर चार लांब भेगा आहेत. त्यांतून वाफेचे आणि बर्फकणांचे फवारे शेकडो किलोमीटर उंच उडतात. हा ज्वालामुखीच, पण लाव्हाऐवजी पाणी ओकणारा!

एवढ्या थंडीत ऊब कुठली? हा चंद्र ३३ तासांत शनीभोवती फिरतो. त्याची वाट किंचित लांबट असल्याने शनीची ओढ कधी वाढते, कधी कमी होते. त्यामुळे तो सतत दाबला-ताणला जातो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती गरम लागते, हे आपल्या कामगार बांधवांना ठाऊकच आहे. तसेच हे.

यान त्या फवाऱ्यांतून गेले. त्यात मीठ आणि सेंद्रिय पदार्थ सापडले. चंद्राच्या किंचित डोलण्यावरून बर्फाखाली सर्वत्र समुद्र आहे, हे २०१५ साली कळले. तिथे जीव मात्र अजून सापडलेला नाही. या चंद्रांवर पृथ्वीचे जंतू चुकूनही जाऊ नयेत, म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी इंधन संपत आलेले कॅसिनी शनीच्याच वातावरणात सोडून नष्ट केले गेले.

नक्षत्त जातकात एक गोष्ट आहे. ग्रह वाईट म्हणून वरपक्ष ठरल्या दिवशी लग्नाला गेला नाही, आणि मुलगी दुसऱ्या घरी दिली गेली. नुकसान ग्रहांनी नव्हे, भीतीने केले.

शनीची ओढ खरी आहे. पण ती एन्सेलॅडसला तापवते, आपल्या लेकीचे लग्न मोडत नाही. तेव्हा माता-भगिनींनो, शनिवारच्या तेलाचे पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांना लागू द्या.