विश्लेषण : परदेशातले विद्यापीठ की इथलेच? ‘नावा’साठी किती मोजायचे?

मार्च उजाडला की इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन प्रकारचे स्क्रीनशॉट पडू लागतात. एक ‘गेट’च्या निकालाचा, दुसरा परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशपत्राचा. पहिल्याखाली ‘अभिनंदन’ येते, दुसऱ्याखाली ‘पार्टी कधी?’ हा फरक गमतीचा वाटेल. पण त्याच दिवसांत अनेक घरांत ३०-४० लाखांच्या कर्जासाठी फ्लॅटची कागदपत्रे किंवा जमिनीचा सातबारा कपाटातून बाहेर निघालेला असतो. हे पैसे शिक्षणाचे असतात की विद्यापीठाच्या नावाचे, याचा हा आढावा.

किती विद्यार्थी जातात?

अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्यांची मोजदाद करणाऱ्या ‘ओपन डोअर्स’ अहवालानुसार २०२३-२४ मध्ये तिथे ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकले. २०२४-२५ मध्ये हा आकडा ३ लाख ६३ हजारांवर गेला. मात्र त्यात पदवी पूर्ण करून ‘ओपीटी’ म्हणजे प्रशिक्षण परवान्यावर नोकरी करणारेही मोजले जातात. त्यांची संख्या वाढली आणि पदव्युत्तर वर्गांत प्रत्यक्ष शिकणाऱ्या भारतीयांची घटली. म्हणजे एकूण आकडा चढता दिसत असला तरी वर्गात बसणाऱ्यांचा ओघ आटू लागला आहे.

‘टॉप १००’ नेमके काय मोजते?

‘कुठल्या रँकचे आहे?’ हा पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो. बहुतेक वेळा तो ‘क्यूएस’ क्रमवारीबद्दल असतो. या क्रमवारीत ३० टक्के भार विद्यापीठाच्या शैक्षणिक प्रतिष्ठेला आणि १५ टक्के भार नोकरी देणाऱ्यांच्या मताला आहे. दोन्ही गोष्टी सर्वेक्षणातून ठरतात. थोडक्यात, १०० पैकी ४५ गुण ‘लोकांना हे विद्यापीठ कसे वाटते’ यावर मिळतात. संशोधनाच्या उद्धरणांना २० टक्के, तर शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाला १० टक्के भार आहे.

आपल्याकडील ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत अशा जनमताचा वाटा १० टक्के आहे. दोन्हींची मोजपट्टी वेगळी असल्याने एकाच संस्थेचे स्थान दोन याद्यांत वेगळे दिसते.

शिवाय हा क्रमांक पूर्ण विद्यापीठाचा असतो. तुम्ही ज्या विभागात शिकणार, तिथला अभ्यासक्रम, प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक त्यात दिसत नाहीत. क्रमवारीत १८० वे असलेल्या विद्यापीठाचा पॉवर इलेक्ट्रॉनिक्स विभाग ६० व्या विद्यापीठाच्या त्याच विभागापेक्षा सरस असू शकतो. विषयवार क्रमवारी वेगळी निघते, पण ती पाहण्याइतका वेळ कुणी काढत नाही.

हा केवळ मानसिकतेचा प्रश्न आहे का?

नाही. नावाचा हा सोस नियमांतही उतरला आहे. तीन उदाहरणे पाहा.

• सहायक प्राध्यापकपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय यांपैकी एका क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी ग्राह्य धरली जाते. ५०१ व्या क्रमांकाच्या विद्यापीठातून केलेले उत्तम संशोधन या दारातून आत येत नाही.

• अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिथेही विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते.

• ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेत देशातील शिक्षणासाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली ही योजना सुरुवातीला ८६० संस्थांपुरती होती. त्या मुख्यतः एनआयआरएफ क्रमवारीवरून निवडल्या गेल्या. यादीबाहेरच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला ही सवलत नाही आणि बहुधा तिची गरज त्यालाच जास्त असते.

म्हणून ‘रँकला काही अर्थ नसतो’ असे म्हणून चालत नाही. प्राध्यापक व्हायचे असेल किंवा शिष्यवृत्ती हवी असेल, तर रँक कामाची आहे. खासगी कंपनीत डिझाइन इंजिनीअर व्हायचे असेल, तर तीच रँक मुलाखतीच्या पहिल्या दहा मिनिटांनंतर मागे पडते.

उतरंड फक्त ‘फॉरेन’ची आहे का?

मुळीच नाही. देशातल्या देशातही ती तितकीच कडक आहे. वर आयआयटी, मग एनआयटी, मग व्हीजेटीआय-सीओईपी, मग पुण्या-मुंबईतली नामवंत खासगी कॉलेजे आणि शेवटी सगळ्यांना एकत्र कोंबणारा ‘टिअर थ्री’ हा शब्द. अनेक कंपन्यांची कॅम्पस भरती ठरावीक कॉलेजांपुरतीच असते. मी स्वतः इंजिनीअरिंग केले आहे. कॉलेजचे नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा थोडा पडतो की उजळतो, हे आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

त्यामुळे अमेरिकेतील मास्टर्स अनेकांसाठी बारावीत हुकलेल्या दोन गुणांची भरपाई असते. गंमत अशी की आयआयटीतून गेलेला विद्यार्थी त्याच मास्टर्सला ‘पैसे भरून घेतलेली डिग्री’ म्हणतो आणि परदेशात गेलेला इथल्या एमटेकला ‘नोकरी लागली नाही म्हणून केलेले’ म्हणतो.

प्रत्यक्ष उदाहरणे या दोन्ही गैरसमजांना छेद देतात. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी पदवी आणि १९६९ मध्ये पीएचडी, दोन्ही मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागातून, म्हणजे माटुंग्याच्या आजच्या ‘आयसीटी’तून मिळवल्या. १९९८ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला शिकले, १९७२ मध्ये परतून टीआयएफआरमध्ये आले आणि पुढे पुण्यात ‘आयुका’ उभारली. एकाची पीएचडी माटुंग्याची, दुसऱ्याची केंब्रिजची. दोघांच्या कामाला तोड नाही.

आणखी एक बाजू विसरता कामा नये. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. इथली उतरंड ज्यांना आडनावावरून जोखते, त्यांच्यासाठी परदेशी शिक्षण ही चैन नसते, ती त्या उतरंडीतून बाहेर पडण्याची वाट असते. त्यामुळे ‘इथे काय कमी आहे?’ हा प्रश्न सगळ्यांना सारखाच लागू होत नाही.

पैशांचे गणित काय सांगते?

समजा, ४० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने घेतले आणि फेड १० वर्षांची आहे. महिन्याचा हप्ता सुमारे ५३ हजार रुपये येतो. दहा वर्षांत एकूण ६३ लाखांहून अधिक रक्कम जाते. शिकत असतानाही व्याज थांबत नाही. पूर्ण रक्कम उचललेली असेल, तर ते वर्षाला चार लाखांच्या घरात जाते.

डॉलरमध्ये पगार सुरू झाला तर हा हप्ता जड वाटत नाही. मात्र काही कारणाने परत यावे लागले आणि इथे हातात महिना ७० हजार आले, तर हप्ता जाऊन १७ हजार उरतात. कर्ज घेण्यापूर्वी हे दुसरे गणित मांडायलाच हवे.

याउलट ‘गेट’ पात्र एमटेक विद्यार्थ्याला महिना १२ हजार ४०० रुपये विद्यावेतन असते. २४ महिन्यांत ते २ लाख ९७ हजार ६०० होते. रक्कम फार नाही आणि शहरात त्यात भागवणे कठीणच. पण डोक्यावर मोठे कर्ज नसते. पीएचडीचे गणित आणखी वेगळे आहे. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएचडीला सहसा फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळते. भारतात ‘जेआरएफ’ २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहे. म्हणजे कर्जाचा प्रश्न मुख्यतः मास्टर्सचा आहे.

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे खरे का?

अर्धे खरे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते. पण स्टुटगार्ट, कार्लस्रुहे ही शहरे असलेल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तंत्रशास्त्र विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना फी लागू केली. त्याशिवाय व्हिसासाठी वर्षाच्या राहणीखर्चाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. मात्र जर्मन भाषा येत नसेल तर हा काळ फार लवकर संपतो.

व्हिसाने काय बदलले?

अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी २४ महिने, असे एकूण तीन वर्षे काम करता येते. त्यानंतर ‘एच-१बी’ लागतो. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजार असून अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार आहे. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागले. तिथेच शिकून व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते लागू नसल्याचे नंतर स्पष्ट झाले. मात्र डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमाने लॉटरीत वरच्या वेतनश्रेणीतील अर्जांना अधिक संधी दिली. नुकत्याच पदवी घेतलेल्यांचा पगार सहसा खालच्या श्रेणीत असतो, त्यामुळे फटका त्यांना बसतो.

ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षे थांबता येते. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ही मुदत १८ महिने होणार आहे. पीएचडीधारकांना तीन वर्षे कायम आहेत.

थोडक्यात, विद्यापीठाचे नाव तेच राहिले तरी त्याच्या जोरावर मिळणारी संधी त्या देशाच्या एका आदेशाने आकसू शकते. प्रवेशाचे पत्र विद्यापीठ देते, पण नोकरीचा कालावधी तिथले सरकार ठरवते.

परदेशी विद्यापीठच इथे आले तर?

गिफ्ट सिटीसाठीच्या वेगळ्या नियमांमुळे आणि उर्वरित देशात आयोगाच्या २०२३ च्या नियमांमुळे ते शक्य झाले. गुजरातच्या गिफ्ट सिटीत ऑस्ट्रेलियाचे डीकिन आणि गुरुग्राममध्ये ब्रिटनचे साउदॅम्प्टन विद्यापीठ सुरू झाले आहे. जून २०२५ मध्ये मुंबईतील कार्यक्रमात अॅबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीतील आयईडी या पाच संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. त्यांच्यासाठी नवी मुंबईत शैक्षणिक नगरी उभारण्याची योजना आहे.

इथे पदवीवर नाव तेच असेल. मात्र परदेशी शिक्षणात मिळणारा तिथला कामाचा परवाना आणि तिथले वातावरण नसेल. त्यामुळे अशा ठिकाणी प्रवेश घेताना शिकवणार कोण, प्रयोगशाळा कोणत्या आणि तिकडच्या मुख्य संकुलात सत्र करता येते का, हे लेखी विचारा.

निर्णय घेताना काय विचारावे?

• ही पदवी मला कुठे वापरायची आहे? अध्यापनात, संशोधनात की कंपनीत? त्या क्षेत्रात रँक विचारली जाते का?

• परत यावे लागले तर इथल्या पगारात हप्ता भरता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर कर्जाची रक्कम कमी करा किंवा विद्यापीठ बदला.

• गेल्या दोन वर्षांत या विभागातून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत? ही माहिती एजंटकडून नाही, लिंक्डइनवर त्या विद्यार्थ्यांनाच विचारून मिळवा.

• रँक आणि गावातले कौतुक बाजूला ठेवले, तरी मी हाच अभ्यासक्रम निवडेन का?

शेवटचा प्रश्न घरच्यांसमोर मोठ्याने विचारायला हवा. परदेशी जाणे वा इथे राहणे, यात कमीपणा कशातच नाही. पण पाहुण्यांच्या तोंडचे ‘वा!’ एका संध्याकाळी विरते आणि ५३ हजारांचा हप्ता पुढे १२० वेळा खात्यातून वजा होतो.