समुद्र न पाहिलेल्या मुलांना समुद्र शिकविताना

काही वर्षांपूर्वी सहामाही परीक्षेत नववीच्या वर्गास आम्ही निबंधाचा विषय दिला होता : 'समुद्रकिनाऱ्यावरील संध्याकाळ'. उत्तरपत्रिका तपासावयास बसलो, तो प्रत्येकीत तोच तांबडा सूर्यगोळा, त्याच फेसाळ लाटा आणि तेच वाळूचे किल्ले. सारे काही मार्गदर्शकातून पाठ केलेले! एकाच मुलाने निराळे लिहिले होते. 'मी समुद्र पाहिलेला नाही. पांढुर्ण्याला जाम नदीचा पूर पाहिला आहे. ते पाणी कोठे जाते, ते मला ठाऊक नाही.' एवढे लिहून पुढे दीड पान त्याने पुराचेच वर्णन केले होते. आम्ही लाल शाईने 'विषयांतर' असा शेरा मारला आणि दहांपैकी तीन गुण दिले.

त्या रात्री तो शेरा आम्हांसच टोचू लागला. ज्यांनी पाठ केले, ते विषयाला धरून. आणि ज्याने खरा प्रश्न विचारला, तो विषय सोडून! तिगावाहून समुद्र सरळ रेषेत मोजला, तरी जवळात जवळचा किनारा सुमारे सहाशे किलोमीटरांवर पडतो. संत्र्यांच्या आणि कापसाच्या या मुलुखात समुद्र मुलांना भेटतो तो केवळ पुस्तकात. तोही भूगोलात एक धडा, विज्ञानात एक परिच्छेद, मराठीत एखादी कविता, असा तुकड्यातुकड्यांनी. हे तुकडे जोडून पाहावेत, असे आम्ही ठरविले, आणि प्रारंभ त्या मुलाच्या प्रश्नापासूनच केला.

जामचे पाणी कोठे जाते? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे ही नदी आमच्या भागात लहानथोरांस ठाऊक आहे. नकाशावर बोट ठेवून मुले निघाली. जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा एक होऊन प्राणहिता बनते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरास मिळते. बोट निळ्या रंगावर पोहोचले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, म्हणजे आपण नदीत टाकतो ते सगळं समुद्रात जातं?" स्वच्छतेवर आम्ही इतकी भाषणे केली; त्यांतील एकही या प्रश्नाच्या तोडीचे नव्हते. मग उलटा प्रवासही सांगितला : जूनमध्ये आमच्या काळ्या जमिनीवर पडणारा पाऊस समुद्रावरूनच येतो. संत्र्याचा आंबिया बहर आणि मृग बहर ज्या पाण्यावर पोसतो, त्याचे मूळ तेथे आहे.

विज्ञानाच्या तासाला एक लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ विरघळविले. समुद्राच्या पाण्याचा खारटपणा साधारण एवढाच असतो. त्यात ताजे अंडे सोडले, तर ते बुडाले! मुलांची निराशा झाली. मग मीठ वाढवीत गेलो. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या सुमारास अंडे वर आले. समुद्रात अंडे तरंगते, हे आम्ही स्वतःही वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. त्या दिवशी गुरुजींची चूक मुलांनी डोळ्यांनी पाहिली, आणि त्यांना त्याचा कोण आनंद झाला!

गणिताची गंमत मात्र सर्वांत मोठी. जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करवून घेत. कोकणातील मच्छीमारांचा एक ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीस चार पाऊण तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीस आठ पाऊण सहा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजावयाचे. घरच्या पंचांगावरून आमची मुले मुंबईची भरती सांगू लागली! पौर्णिमेस पाऊणकी सव्वाअकरा सांगते; प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास येते. ही तूट कशाची? दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणजे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. ठोकताळा पाऊण तासच धरतो. रोजची थोडी थोडी चूक पंधरवड्यात साचत जाते. अपूर्णांक, चंद्र आणि समुद्र हे तिन्ही त्या दिवशी एका फळ्यावर आले.

इतिहासाकडे वळताना मीठ पुन्हा हाती आले. १९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीस मिठाचा कायदा मोडला. त्याच वर्षी कोकणात शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला. मध्यप्रांत-वऱ्हाडास समुद्र कोठला? तेव्हा येथील लोकांनी जंगलाचा कायदा मोडावयाचे ठरविले. पुसदला लोकनायक अण्यांनी गवत कापून सत्याग्रह केला. आमच्या शेजारच्या शिवनी जिल्ह्यात तुरिया येथे गोळीबार झाला, त्यात चौघांनी प्राण दिले आणि त्यांत तीन आदिवासी स्त्रिया होत्या. समुद्र नव्हता, म्हणून लढा थांबला नाही. त्याने विळा हाती घेतला. आणि समुद्र आपला कधीच नव्हता असे तरी कोठे आहे? ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आमचा हा मुलूख होता, त्यांच्याकडे १७५१ पासून ओरिसा आला होता. १८०३ च्या देवगावच्या तहात कटक हातचे जाईपर्यंत नागपूरच्या राज्याची एक कड बंगालच्या उपसागरास भिडलेली होती.

याहूनही जुनी गोष्ट दगडांत आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील खडकांत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अवशेष सापडतात. त्यांत निपा नावाच्या ताडकुळातील झाडाची फळे आहेत. नागपूरच्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्यामला चितळे यांनी १९६० साली त्यांवर लिहिले. हे झाड आज सुंदरबनासारख्या खाडीच्या चिखलात वाढते. त्यावरून समुद्राचा एखादा फाटा तेव्हा या बाजूस आला असावा, असा काही शास्त्रज्ञांचा तर्क आहे. हे ऐकून मुलांनी आठवडाभर खिसे दगडांनी भरून आणले.

आम्ही मराठीचे शिक्षक; म्हणून शेवटी भाषेकडे येतो. महाराष्ट्राबाहेर मराठी राखावयाची म्हणजे सण राखावयाचे आणि पुरणपोळी राखावयाची, एवढेच आपण धरून चालतो. परंतु भाषेचा अर्धा संसार तिच्या शब्दांत असतो. उधाण, भांग, ओहोटी, शीड, सुकाणू, वल्हे, गलबत, तांडेल हे शब्द आमच्या मुलांस परक्या देशाचे वाटत. 'उत्साहाला उधाण आले' असे ती लिहीत. पण उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती, हे पाऊणकी करता करता त्यांना उमगले. एक दिवस आम्ही विचारले, "नांगर म्हणजे काय?" शेतकऱ्यांची मुले ती, हसू लागली. जहाज जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्यासही मराठीत नांगरच म्हणतात, असे सांगताच वर्ग स्तब्ध झाला. आमच्या शेतातले अवजार कोकणच्या जहाजावर! त्या एका शब्दाने कोकण आणि तिगाव यांमधले अंतर जितके कमी झाले, तितके कोणत्याही व्याख्यानाने झाले नसते.

यासाठी आम्हांस निराळा तास लागला नाही, पैसा लागला नाही. लागला तो एवढाच कबुलीजबाब, की समुद्र आम्हीही पुस्तकातूनच शिकवीत होतो.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांस एक विनंती करावीशी वाटते. तुमच्या घरी पाऊणकी येणारे आजोबा किंवा आजी असतील, तर येत्या नारळी पौर्णिमेस नातवंडांना जवळ बसवून मुंबईची भरती काढावयास लावा. आपल्या गावच्या नाल्याचे पाणी कोणत्या नदीत आणि कोणत्या समुद्रात जाते, तेही शोधावयास सांगा. उत्तर चुकले तरी हरकत नाही. प्रश्न घरात आला पाहिजे.

ज्या मुलापासून हे सारे सुरू झाले, तो मात्र यातले काही शिकू शकला नाही. आमचे डोळे उघडेपर्यंत तो दहावी होऊन कामासाठी नागपूरकडे निघून गेला होता. त्याचे तीन गुण गुणपत्रकात तसेच आहेत. आता निबंध तपासताना 'विषयांतर' हा शेरा लिहावयास लेखणी उचलली, की आम्ही क्षणभर थांबतो आणि तो मजकूर पुन्हा एकदा वाचतो.