*थंडी, धूर आणि विहिरीचं पाणी : पुढच्या दोन महिन्यांत काय बघायचं*



निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यात थंडी सुरू झाली आहे. लवकर छाटलेल्या बागांत मण्यात पाणी उतरायला लागेल, उशिराच्या बागा फुगवणीत आहेत. कांदा लागवड चालू आहे, गहू-हरभरा जमिनीवर आलाय. हवामान विभागाचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. त्यातले आपल्या तालुक्यापुरते आकडे आपण ग्रुपवर टाकतोच. आजचा मेसेज आकड्यांचा नाही, ते आकडे वाचून काय करायचं याचा आहे. मेसेज मोठा आहे, पण बागेसोबत घरातल्या माणसांच्या जिवाचाही विषय आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

*१) थंडी कशी येते, अंदाज कसा वाचायचा*

डिसेंबर-जानेवारीत उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात जातात. झंझावात येताना आपल्याकडे बऱ्याचदा ढग येतात आणि रात्रीचं तापमान वाढतं. आपल्याला वाटतं, थंडी गेली. पण तो पुढे सरकला की आभाळ मोकळं होतं, उत्तरेकडून कोरडे वारे येतात आणि दोन-तीन दिवसांत पारा झपकन खाली येतो. म्हणून अंदाजात "ढगाळ, किमान तापमानात वाढ" दिसलं की त्याच्या पुढच्या तीन-चार दिवसांचे आकडे आधी बघा. ढगाळ दिवसांत भुरीवर लक्ष, आणि ढग गेल्यावर थंडीची तयारी, असं ते चक्र आहे.

"थंडीची लाट" हा शब्द हवामान विभाग मापाने वापरतो. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा जास्त कमी, तेव्हा थंडीची लाट. सरासरीपेक्षा ६.४ अंशांहून जास्त घट झाली की तीव्र लाट. पारा थेट ४ अंशांवर आला तर सरासरी न बघताही लाट धरतात, आणि २ अंशांवर आला तर तीव्र लाट. रंगांचे इशारे असे समजा : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. केंद्रावरचं तापमान जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर, झाकलेल्या पेटीत मोजतात. मोकळ्या, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त थंड असू शकते. शिवाय थंड हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि नदीकाठच्या, ओढ्याच्या, खोलगट रानात साचते. म्हणून गोदाकाठची, कादवाकाठची बाग आणि माळावरची बाग यांना एकच आकडा लावू नका. बागेच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात, घडांच्या उंचीवर एक किमान-कमाल थर्मामीटर टांगा. आठ दिवसांत तुम्हालाच कळेल की मोबाईलच्या आकड्यापेक्षा तुमचं रान किती खाली जातं.

*२) द्राक्षबागेत काय करायचं*

जास्त थंडीत मुळांचं काम मंदावतं, फुगवण थांबते. पाणी उतरायच्या अवस्थेत दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडला तर पांढऱ्या वाणात पिंक बेरी येते, मणी तडकायचीही भीती असते.

▪️ जमीन ओलसर ठेवा. ओली जमीन दिवसा ऊब धरून ठेवते आणि रात्री सोडते, कोरडी भुसभुशीत जमीन लवकर गार पडते. थंडीचा इशारा असेल तर आदल्या दिवशीच ठिबक चालवून घ्या.
▪️ विहीर-बोअरचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं. म्हणून पहाटे थोडा वेळ ठिबक चालवल्याचा फायदा होतो. शेततळ्याचं वरचं पाणी गार असतं, त्याचा तेवढा उपयोग नाही.
▪️ पाणी उतरलेल्या बागेत एकदम भरपूर पाणी देऊ नका, मणी तडकतात. थोडं थोडं, विभागून द्या.
▪️ ओळींमधलं गवत वाढलेलं असेल तर कापून बारीक ठेवा. उंच गवत जमिनीची ऊब वर येऊ देत नाही.
▪️ पिंक बेरीसाठी घडांना पेपर लावायचा असेल तर पाणी उतरायच्या आधी लावा. गुलाबी झालेला मणी परत हिरवा होत नाही.
▪️ लाईट रात्रीची असेल तर एकट्याने पाण्यावर जाऊ नका. उसाला लागून असलेल्या रानात बिबट्याचं भय आहे. दोघं जा, बॅटरी घ्या, मोबाईलवर गाणी लावा.

गव्हाला आणि हरभऱ्याला ही थंडी मानवते, तिथे घाबरायचं कारण नाही.

*३) धूर केला तर बाग वाचते का?*

दरवर्षी हा प्रश्न येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

रात्री जमीन आपली ऊब आभाळाकडे सोडत असते. ढग ही ऊब अडवतात, म्हणून ढगाळ रात्र उबदार असते. धूर मात्र ढगासारखं काम करत नाही. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांच्यातून जवळजवळ तशीच निघून जाते. मग शेकोटीने जो थोडाफार फरक पडतो, तो धुराचा नसतो, आगीच्या उबेचा असतो. म्हणजे ओला पालापाचोळा, टायर, प्लास्टिक पेटवून नुसता धूर केला तर बागेला काही मिळत नाही. वर काजळी घडांवर बसते आणि मण्यावरची लव खराब होते. निर्यातीच्या मालाला ते परवडणारं नाही.

शेकोट्या करायच्याच असतील तर कोरड्या लाकडाच्या, लहान लहान, बांधाने विखुरलेल्या करा. एक मोठी आग लावली की गरम हवा सरळ वर निघून जाते आणि आजूबाजूची थंड हवा बागेत ओढली जाते. टायर आणि प्लास्टिक कधीच नाही. त्यातून निघणारे वायू माणसाला विषारी आहेत.

*४) हवेची गुणवत्ता : गावातही बघायची गोष्ट आहे*

थंडीच्या रात्री जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवा असा थर बसतो. हा थर झाकणासारखा असतो. संध्याकाळी पेटवलेल्या पाचटाचा, कचऱ्याचा, चुलीचा धूर वर न जाता गावावरच पसरून राहतो, तो सकाळी ऊन चढल्यावरच हलतो. उन्हाळ्यात जो धूर तासाभरात निघून जातो, तो थंडीत रात्रभर आपल्याच पोराबाळांच्या छातीत जातो.

हवेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, असा वाचा :
० ते ५० चांगली
५१ ते १०० समाधानकारक
१०१ ते २०० मध्यम (दमेकऱ्यांनी जपायचं)
२०१ ते ३०० खराब
३०१ ते ४०० फार खराब
४०१ ते ५०० गंभीर

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हे आकडे मिळतात. पण मोजणारी यंत्रं शहरात आहेत. गावाच्या नावापुढे काही ॲप जो आकडा दाखवतात, तो बहुतेक वेळा हिशोबाने काढलेला अंदाज असतो. शेजारच्या रानात पाचट पेटलंय हे त्याला माहीत नसतं. म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवा. सकाळी गावावर निळसर-राखाडी पट्टा दिसतोय, डोळे चुरचुरतायत, घसा खवखवतोय, तर म्हाताऱ्या माणसांना, दमेकऱ्यांना, गरोदर बायांना आणि लहान पोरांना ऊन चढेपर्यंत घरात ठेवा. शेणकूर, झाडलोट उशिरा करा. नाकाला रुमाल बांधल्याने बारीक धूळ अडत नाही, एन-९५ मास्क लागतो.

पाचट पेटवू नका, कुट्टी करून सरीतच ठेवा. जाळलं की त्यातलं नत्र हवेत जातं आणि तेच नत्र आपण पुन्हा पोत्याने विकत आणतो.

फवारणीबद्दलही हेच लक्षात ठेवा. पहाटे वारा अगदी पडलेला असतो तेव्हा बारीक तुषार खाली बसत नाहीत. ते तरंगत शेजारच्या बागेत, वस्तीवर जातात. ऊन चढून हवा थोडी हलायला लागली की मग ब्लोअर काढा.

*५) ⚠️ बंद खोलीत शेगडी : हे सगळ्यात महत्त्वाचं*

बागेतल्या कामासाठी आलेली मजूर कुटुंबं शेडमध्ये, पत्र्याच्या खोलीत, कधी ताडपत्रीखाली झोपतात. थंडी वाढली की घमेल्यात निखारे घेऊन दार लावून झोपायची सवय आहे. असं कोणीही करू नये, आपणही नाही.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं अजिबात नाही. उलट धूर न करणारा लाल निखाराच झोपेत माणूस मारतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही.

▪️ झोपायच्या आधी शेगडी, घमेलं खोलीबाहेर काढा.
▪️ डिझेल इंजिन, जनरेटर खोलीत किंवा खिडकीजवळ चालवू नका.
▪️ खोलीतल्या एकाहून जास्त जणांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर सगळ्यांना आधी बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा.
▪️ ज्यांच्याकडे मजूर राहतात त्यांनी दोन जादा चादरी-ब्लँकेट द्या. ती आपली जबाबदारी आहे.

*६) विहिरीचं पाणी : खत, औषध आणि जंतू*

पावसाळा संपला म्हणजे पाण्याची काळजी संपली असं नाही. आता पातळी खाली जाते, आणि याच दिवसांत ठिबकमधून खतं, फवारण्या जोरात असतात. अनेक वस्त्यांवर बागेची आणि पिण्याची विहीर एकच आहे.

*उलटं पाणी.* व्हेंचुरीतून खत चालू असताना लाईट गेली तर पाइपातलं पाणी मागे फिरतं आणि खतासकट विहिरीत येतं. फवारणीच्या टाकीत पाइप बुडवून ठेवला असेल तर औषधही असंच ओढलं जातं. उपाय स्वस्त आहे. पंप आणि व्हेंचुरीच्या मध्ये एनआरव्ही बसवा. टाकी भरताना पाइपाचं तोंड पाण्याच्या वर ठेवा. ब्लोअर, पंप विहिरीच्या काठावर धुऊ नका.

*नायट्रेट.* पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, असं भारतीय मानक सांगतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जास्त नायट्रेटचं पाणी दिलं (दुधाच्या पावडरीत मिसळून दिलं तरी) तर रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्याने वाढतं. टीडीएस पेनाने नायट्रेट किंवा जंतू कळत नाहीत. ग्रामपंचायतीकडच्या तपासणी किटवर किंवा पाणी प्रयोगशाळेत नमुना द्या. घरात तान्हं बाळ असेल तर उशीर करू नका.

*जंतू.* यासाठी टीसीएल पावडर. हिशोब सोपा आहे. गोल विहिरीचा व्यास फुटात × परत व्यास × पाण्याची उंची फुटात × २२ = साधारण लिटर. दर १,००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर.
उदाहरण : व्यास २० फूट, पाणी १५ फूट. २० × २० × १५ × २२ = १,३२,००० लिटर. म्हणजे पावडर साधारण ३३० ग्रॅम.

पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडा आणि बादलीने ढवळा. संध्याकाळी टाकलेलं बरं. किमान तासभर तरी ते पाणी वापरू नका. सकाळी ओटी टेस्टला पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. उघडी राहिलेली, दमट झालेली पावडर काम करत नाही. आणि त्याच दिवशी त्या पाण्यातून ट्रायकोडर्मा किंवा जिवाणू खत सोडू नका, क्लोरीनने ते मरतं.

औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरायचा नाही. तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीत टाका, कॅनला भोक पाडा.

*७) शेततळं*

प्लास्टिकचा कागद ओला झाला की शेवाळाने इतका गुळगुळीत होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शाळेला सुट्ट्या असतात, मजुरांची पोरं रानातच असतात. चारी बाजूंनी कुंपण आणि दाराला कुलूप लावा. चारी काठांवरून गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा, एक हवा भरलेली ट्यूब ठेवा. कोणी पडलं तर मागे उडी मारू नका. दोर, ट्यूब किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका.

*या आठवड्यात करायच्या पाच गोष्टी*
✅ सखल कोपऱ्यात थर्मामीटर
✅ एनआरव्ही आहे का, चालतो का, ते बघणं
✅ पिण्याच्या विहिरीचा नमुना तपासायला देणं
✅ मजुरांच्या खोलीत जाऊन शेगडीबद्दल सांगणं
✅ शेततळ्याला दोर आणि कुलूप

ज्यांनी थर्मामीटर लावलाय त्यांनी रोज सकाळी गावाचं नाव आणि किमान तापमान एवढंच ग्रुपवर टाका. नदीकाठचे आणि माळावरचे आकडे शेजारी शेजारी आले की पुढच्या लाटेला कोणत्या शिवाराने आधी तयारी करायची ते सगळ्यांना कळेल.

हा मेसेज घरच्यांना आणि मजुरांना वाचून दाखवा. काही अडलं तर कंपनीच्या ऑफिसला या किंवा याच ग्रुपवर विचारा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सल्ला विभाग