गरम थर, थंड पाक : ग्रीसची दुधाची मिठाई आपल्या घरी

आखातातून येणाऱ्या डब्यांमुळे बकलावा आता आपल्या घरांना नवा राहिलेला नाही. त्याच कुळातली एक मिठाई मात्र अजून फारशी कोणाला ठाऊक नाही. ग्रीसमध्ये तिला 'गालाक्टोबुरेको' म्हणतात. कागदासारख्या पातळ थरांच्या मध्ये दूध, रवा आणि अंड्यांचे घट्ट सारण, अन् वर लिंबाच्या सालीचा वास असलेला पाक.

गेल्या रमजानमध्ये आम्ही ती पहिल्यांदा केली. दिसायला सुरेख झाली. कापली तर खालचे थर अगदी लगदा! सासूबाई चव घेऊन म्हणाल्या, "शिरा पाकात बुडाला की काय?" आमची चूक समजायला आणखी दोन खेपा लागल्या.

नावातच या मिठाईची गोष्ट आहे. 'गाला' म्हणजे ग्रीक भाषेत दूध, आणि 'बुरेको' हा तुर्की 'बोरेक' या शब्दावरून आलेला. तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर हिची बहीण शोभेल अशी 'लाझ बोरेयी' करतात. तिच्या दुधाच्या सारणात चक्क काळी मिरी घालतात. उस्मानी राजवटीत दोन्हीकडची माणसे शतकानुशतके एकमेकांच्या शेजारी राहिली. मग १९२३ साली लोझान येथे करार झाला आणि धर्म पाहून माणसांची अदलाबदल ठरली. युद्धात आधीच पळालेले धरून सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये गेले आणि साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानात. क्रीट बेटावरच्या कितीतरी मुसलमानांची बोली ग्रीकच होती, तरी त्यांना गाव सोडावे लागले. घरे, शेते मागे राहिली. हाताची सवय मात्र सोबत गेली. म्हणूनच आजही दोन्ही किनाऱ्यांवर पाकात मुरलेले असे थर ताटात येतात.

साहित्य : दूध १ लिटर, बारीक रवा १५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, अंडी ४, लोणी ५० ग्रॅम, एका संत्र्याची किसलेली साल, फिलो पट्ट्या १२, साजूक तूप १५० ग्रॅम. पाकासाठी साखर ३५० ग्रॅम, पाणी २५० मिलिलिटर, लिंबाच्या सालीचे दोन तुकडे, दालचिनीची एक काडी.

फिलो मोठ्या शहरांतल्या दुकानांत गोठवलेली मिळते. समोशाची पट्टी तिच्या जागी चालत नाही. ती जाड असते. पाकिटावरचे घटक वाचून घ्या. काही पाककृतींत पाकात ब्रँडी आणि सारणात व्हॅनिलाचा अर्क सांगितलेला असतो. अनेक अर्कांत अल्कोहोल असते. दोन्ही गाळले तरी चवीत उणे राहत नाही. संत्र्याची साल पुरेशी आहे.

कृती : सर्वांत आधी पाक करा. उकळी आल्यावर पाच मिनिटे ठेवून उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या.

दूध तापवून त्यात रवा हळूहळू सोडा आणि घट्ट होईपर्यंत ढवळत राहा. दुसऱ्या भांड्यात अंडी व साखर फेटून घ्या. त्यात गरम सारण एकेक डाव घालत ढवळा; एकदम ओतले तर अंडी फुटतात. मग सगळे एकत्र करून मंद आचेवर दोन मिनिटे ठेवा. उतरवून लोणी व साल मिसळा.

फिलो आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून फ्रीजमध्ये ठेवा. काम करताना ती ओल्या फडक्याखाली असू द्या, नाहीतर मिनिटात तडकते. १३ बाय ९ इंचांच्या ट्रेला तूप लावा. एकेक पट्टीला तूप फासत सहा पट्ट्या खाली पसरा, सारण ओता, कडा आत दुमडा आणि वर उरलेल्या सहा लावा. फक्त वरच्या थरांवर सुरीने चौकोन कापा आणि पाण्याचा हबका मारा. १७५ अंशांवर ५० ते ६० मिनिटे, रंग बदामी होईपर्यंत भाजा. घरी ओव्हन नसेल तर ईदच्या नानकटाईचे ट्रे जसे बेकरीत नेतो, तसा हाही नेता येईल. पाक मात्र बरोबर न्या.

कारण मुख्य गोष्ट इथेच आहे. ट्रे बाहेर येताच, मिठाई कडकडीत गरम असताना, गार पाक डावाने सावकाश सगळीकडे घाला. आम्ही पहिल्या खेपेला गरमावर गरम ओतला आणि वर ताट झाकले. वाफ कोंडली आणि थर विरघळले. झाकू नका. दोन-तीन तास हात लावू नका, म्हणजे सारण बसेल आणि सुरी स्वच्छ फिरेल.

तिसऱ्या खेपेला वरचा थर कुरकुरला. सासूबाईंनी काही न बोलता दुसरा तुकडा उचलला, आणि चार तुकडे शेजारी पाठवायला ताटलीत काढायला सांगितले.