ऊन नव्वद, पाणी पन्नास

मे-जून आला की बे एरियातल्या आपल्या मंडळींचे साउथ फोर्क अमेरिकन नदीवर राफ्टिंगला जायचे बेत शिजू लागतात. १८४८ साली जिथे सोने सापडले त्या कोलोमा गावावरून ही नदी वाहते. इथले प्रवाह बहुतेक तिसऱ्या श्रेणीचे, म्हणजे चांगला गाइड असेल तर नवख्यांनाही झेपणारे. मी दर मोसमात जातो, आणि दर वेळी कोणीतरी म्हणतेच, "अहो, मी गावच्या विहिरीत पोहायला शिकलोय. जॅकेट कशाला?"

विहिरीची गोष्ट वेगळी. हे सिएरा नेवाडातले वितळलेले बर्फ. बाहेर ९० अंश फॅरनहाइट असले तरी पाणी ५० च्या आसपास असू शकते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते. आपण भितो ती गारठून बेशुद्ध होण्याला. पण त्याला बराच वेळ लागतो. खरा घातक असतो तो पहिला मिनिट. थंडीच्या धक्क्याने आपोआप मोठा श्वास ओढला जातो. तोंड पाण्याखाली असले तर पाणी थेट छातीत. धापही लागते. पुढच्या दहा-एक मिनिटांत हातापायांतले बळ जाते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हात मारता येत नाही. जॅकेट आहे ते या मिनिटांसाठी. ते इतके घट्ट हवे की गाइडने खांद्याला धरून वर ओढले तरी हनुवटीपर्यंत सरकू नये.

पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पाण्याच्या वर. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहण्याचा मोह होतो, तो टाळाच. पाऊल दगडांत अडकले की प्रवाह माणसाला तोंडावर पाडतो आणि उठू देत नाही. पुढे आडवे झाड दिसले तर मात्र पालथे होऊन जोराने पोहत बाजूला व्हा. ते जमले नाही तर त्यावर चढा, खाली जाऊ नका.

जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवा. लोकरी किंवा पॉलिएस्टरचे कपडे, वर वेटसूट. तो भाड्याने मिळतो. कोयनेच्या बातम्यांमुळे 'क्युसेक' आपल्या परिचयाचा आहेच. बुकिंग करताना त्या आठवड्याचा विसर्ग विचारा. २०२३ सारख्या भरपूर बर्फाच्या वर्षी नदी फारच चढते. अशा वेळी मुलांना घेऊन जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतातून आलेल्या आईबाबांना हौसेने नेण्याआधी दोन गोष्टी पाहा. थंड पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब एकदम चढतो. तेव्हा हृदयविकार किंवा बी.पी. असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दुसरे, त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समधली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. साहसी खेळ त्यात बऱ्याचदा असतात, आणि मग हेलिकॉप्टरपासून इस्पितळापर्यंतचे बिल आपल्याच खिशातून.

उतरण्याच्या जागी कोरडे कपडे आणि थर्मासभर चहा तयार ठेवा. ब्रँडी नको, तिने ऊब वाटते, पण उष्णता उलट बाहेर जाते.